सत्कारातला खिल्लार खऱ्या लाकडाचा असू द्या : सांगली जिल्ह्यातील संस्थांच्या संचालक मंडळांस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व संचालक मंडळ,
सहकारी साखर कारखाने, दूध संघ, बँका, पतसंस्था, बाजार समित्या आणि शिक्षण संस्था,
जिल्हा सांगली

विषय : सत्कार व भेटवस्तूंसाठी होणाऱ्या लाकडी प्राणिशिल्पांच्या खरेदीची पद्धत बदलण्याबाबत

सन्माननीय महोदय व महोदया,

स. न. वि. वि.

आपल्या जिल्ह्यात वार्षिक सभा, कारखान्याच्या गळीत हंगामाचे मोळीपूजन, शिक्षकांचा निरोप समारंभ, आदर्श शेतकऱ्याचा गौरव, ठेवीदारांचा मेळावा असे कार्यक्रम वर्षभर होत असतात आणि अशा प्रत्येक कार्यक्रमात शाल-श्रीफळाबरोबर काहीतरी हातात दिले जाते. बरीच वर्षे ही वस्तू म्हणजे ॲक्रिलिकची पाटी किंवा सोनेरी मुलाम्याचा चषक असे. अलीकडे त्या जागी लाकडी बैलजोडी, हत्ती, घोडा, हरीण अशी शिल्पे दिसू लागली आहेत. माझे पोट लाकडावर चालते. सुतारकामात वाढल्यामुळे प्राणी कोरण्याचे काम हाती आले आणि तेच पुढे उपजीविकेचे साधन झाले. म्हणून हा बदल पाहून मला झालेला आनंद मनापासूनचा आहे आणि तो आपल्यासारख्या संस्थांमुळे घडला हे मी आधीच कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु या शिल्पांची मागणी ज्या रीतीने नोंदवली जाते, त्या रीतीने हाताने कोरलेली आणि टिकणारी वस्तू आपल्याला मिळणे जवळजवळ अशक्य आहे. ही रीत बदलावी, एवढीच या पत्राची विनंती आहे आणि ती का करावी लागते हे सविस्तर सांगण्याची परवानगी असावी.

काही काळापूर्वी एका संस्थेने मला खिल्लार बैलांच्या शंभराहून अधिक जोड्यांची मागणी सांगितली. कार्यक्रमाला तीन आठवडे उरले होते, सर्व जोड्या हुबेहूब सारख्या हव्या होत्या आणि दर आधीच ठरलेला होता. माझ्याकडे वाळलेले लाकूड मोजकेच होते, म्हणून तेवढ्या जोड्या देतो, बाकीच्यांसाठी पुढची तारीख द्या, असे मी कळवले. पुढे काही उत्तर आले नाही. कार्यक्रमाचे निमंत्रण मात्र आले आणि मी गेलो. ‘आपल्या भागातील कारागिरांनी हाताने घडवलेली काष्ठशिल्पे’ असे व्यासपीठावरून जाहीर झाले, टाळ्या वाजल्या. शेजारी बसलेल्या सत्कारमूर्तींच्या हातातली जोडी मी पाहायला मागून घेतली. बैलाच्या पोटाखालून, दोन पायांच्या मधून, साच्याची बारीक शिवण थेट शेपटीपर्यंत गेली होती. पाठीवर लाकडाच्या रेषा रंगवलेल्या होत्या, पण त्या वशिंडाशी येऊन थांबत होत्या आणि पलीकडच्या बाजूला पुन्हा वेगळ्याच सुरू होत होत्या. ती रेझिनची, म्हणजे कृत्रिम राळेची, साच्यात ओतलेली वस्तू होती. ज्यांचा सत्कार झाला ते गृहस्थ आयुष्यभर बैल सांभाळलेले शेतकरी होते आणि त्यांनी ती जोडी फार मायेने पिशवीत ठेवली. त्या संस्थेने जाणूनबुजून फसवणूक केली असे मला म्हणायचे नाही. दुकानदाराने लाकडी म्हणून दिले आणि संस्थेने लाकडी म्हणून घेतले. पण घेताना कोणी उलटे करून पाहिले नव्हते.

म्हणून आधी पारख कशी करावी ते लिहितो, कारण खरेदी समितीतील कोणीही ती करू शकेल. खऱ्या लाकडात रेषा वस्तूच्या आरपार जातात. बैलाच्या डाव्या अंगावर दिसणारी रेघ पाठीवरून वळून उजव्या अंगावर सलगपणे उतरते आणि पायांच्या तळव्यांवर लाकडाचे आडवे काप दिसतात, त्यांत वर्षांच्या वलयांचे तुकडे ओळखू येतात. दहा वस्तू शेजारी ठेवल्या तर एकीची रेघ दुसरीसारखी नसते. ओतीव वस्तूंच्या दहाही नगांवर तोच डाग त्याच जागी असतो. लाकडाचा भुसा दाबून, त्यात डिंक घालून साच्यात तयार केलेल्या वस्तूही बाजारात आहेत. त्यांना लाकडाचा वास असतो, पण रेघ नसते. राहिला प्रश्न यंत्राने कोरलेल्या शिल्पांचा. संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्रातून निघालेले शिल्प खऱ्या लाकडाचेच असते, त्याची किंमत कमी असते आणि ज्यांना तेवढेच हवे त्यांनी ते अवश्य घ्यावे. ओबडधोबड आकार यंत्रावर काढून पुढचे काम हाताने करणारे कारागीरही आहेत आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण यंत्राचे काम हाताचे म्हणून दिले जाऊ नये. पत्रिकेवर ‘हस्तकला’ छापायचे असेल तर ते खरे असावे.

आता तीन आठवड्यांत हे काम का होत नाही, याकडे वळतो. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या लाकडात पाण्याचे वजन कोरड्या लाकडाच्या निम्म्याहूनही जास्त असू शकते. घरात ठेवायच्या वस्तूसाठी हे प्रमाण साधारण १० ते १२ टक्क्यांवर यावे लागते. पाणी ३० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत लाकूड आकार बदलत नाही, त्यानंतर मात्र ते आकसू लागते आणि सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. वलयांच्या अंगाने ते जेवढे आकसते त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने आकसते. या ओढाताणीत लाकडाला भेग पडते आणि ठोकळ्यात खोडाचा ऐन मध्यबिंदू राहिला असेल तर ती हमखास त्याच्याकडे जाते. ओल्या लाकडातून कोरलेला हत्ती पावसाळ्यात सुरेख दिसतो. सांगलीचा मार्च-एप्रिल सुरू झाला, किंवा तो वातानुकूलित कार्यालयातल्या काचेच्या कपाटात गेला, की कपाळापासून सोंडेपर्यंत उभा तडकतो. उघड्या हवेत सावलीत रचून वाळवलेल्या फळीला जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष लागते, असा सुतारांचा जुना ठोकताळा आहे. लाकडाच्या जातीनुसार तो पुढेमागे होतो, भट्टीत वाळवले तर हा काळ बराच कमी होतो, पण आठ दिवसांवर येत नाही. वखारीतून लाकूड आणून पुढच्या आठवड्यात शिल्प देणारा विक्रेता भेटला, तर लाकूड कधी कापले होते हे त्याला जरूर विचारावे.

वाळलेले लाकूड हाती आल्यावर खरे काम सुरू होते. वीतभर उंचीच्या खिल्लार बैलाचेच उदाहरण घेऊ, कारण आटपाडी, जत, खानापूर या आपल्या दुष्काळी पट्ट्याने हे जनावर जपले आहे आणि या जातीच्या एका प्रकाराला ‘आटपाडी महाल’ असेच नाव आहे. खिल्लाराचे अंग ताठ आणि आटोपशीर, चेहरा लांब व निमुळता, कपाळाच्या मध्यावर किंचित खोलगट रेघ, गळ्याखालची पोळी लहान. शिंगे कपाळावर एकमेकांच्या जवळून निघतात, मागे जातात आणि बाक घेऊन वर टोकदार होतात. लाकूड कापताना पहिला निर्णय रेषांच्या दिशेचा असतो. पाय बारीक असल्यामुळे त्यांतून रेषा उभ्या जायला हव्यात, नाहीतर बैल टेबलावरून सरकवतानाच पाय मोडतो. रेषा उभ्या धरल्या की पाठ आणि मान रेषांना आडवी येते, तिथे पटाशी उलट्या अंगाने चालवली तर लाकूड उचकटते. त्यामुळे मानेचा उतार वरून खाली आणि वशिंडाचा चढ दोन्ही बाजूंनी माथ्याकडून खाली असा कोरावा लागतो. शिंगे याच ठोकळ्यातून काढली तर त्यांच्या बाकात कुठेतरी रेषा आडव्या तुटतात आणि पहिल्याच धक्क्याला टोक जाते. म्हणून ती मुळात वाकडी रेघ असलेल्या बारीक फांदीतून वेगळी कोरून, खाली खुंटी ठेवून, कपाळात बसवावी लागतात. दोन्ही शिंगे एकाच फांदीची मिळाली तर रंग जुळतो. डोळा शेवटी. डोळ्याची वरची पापणी जरा जास्त खाली आली की तोच बैल आजारी दिसतो आणि हे दुरुस्त करायला लाकूड उरलेले नसते.

एवढे लिहिण्याचे कारण असे की, ‘सर्व नग हुबेहूब सारखे असावेत’ ही अट आपल्या मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर असते. उंची सारखी असावी, पाया सारखा असावा, लाकूड एकच असावे, पॉलिश एकाच प्रतीचे असावे, या अटी रास्त आहेत आणि त्या पाळल्या नाहीत तर माल परत करण्याचा आपल्याला अधिकार आहे. परंतु प्रत्येक बैलाची मान एकाच अंशात वळलेली असावी ही अपेक्षा साच्याकडून करता येते, हाताकडून नाही. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात उभे राहिलेले दोन बैल तरी सारखे कुठे असतात? मागणीपत्रात ‘मान्य नमुन्याच्या जातीचा, मापाचा आणि प्रतीचा, प्रत्येक नग स्वतंत्रपणे कोरलेला’ एवढा बदल केला, तरी हाताने काम करणाऱ्यांना दर भरता येईल.

वेळेचा प्रश्न तर आपल्याच हातातला आहे. सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, हे दरवर्षी सर्वांना ठाऊक असते. मोळीपूजन दिवाळीच्या आगेमागे येणार, शाळांचे निरोप समारंभ उन्हाळ्याच्या तोंडावर होणार, हेही ठरलेले असते. असे असूनही भेटवस्तूंचा विषय कार्यक्रमपत्रिका छापायला जाते त्या आठवड्यात निघतो. हीच मागणी मार्च-एप्रिलमध्ये नोंदवली तर कारागिराला कोरड्या दिवसांत मोठे काम उरकता येते, पॉलिशचे हात पावसाच्या दमट हवेआधी देता येतात आणि घाईत ओले लाकूड मिसळण्याचा मोह कोणालाच होत नाही. सोबत निम्मी रक्कम उचल म्हणून द्यावी. लाकूड रोखीने घ्यावे लागते आणि सभा झाल्यावर मंजुरी, मग पुढच्या बैठकीत बिल, मग धनादेश, या क्रमात चार-सहा महिने सहज जातात. तेवढा काळ व्यापाऱ्याला थांबता येते, घरात एकटा काम करणारा कारागीर थांबू शकत नाही. म्हणून तो आपला माल व्यापाऱ्याला पडेल भावाने देतो आणि आपल्याला तोच माल दुप्पट दराने मिळतो.

तीन दरपत्रके मागवून सर्वांत कमी दर मंजूर करण्याच्या प्रथेबद्दलही बोलले पाहिजे. सिमेंट किंवा कागद घेताना ती योग्यच आहे, कारण प्रत ठरलेली असते. कोरीव कामात लाकडाची जात, त्याचा कोरडेपणा, सांधे, शेवटचा हात या कशाचाच उल्लेख दरपत्रकात नसतो, फक्त ‘लाकडी बैल, उंची ८ इंच’ असते आणि मग रेझिनचा दर सर्वांत कमी येणे ठरलेलेच आहे. आधी नमुने मागवावेत, ते उलटसुलट करून पाहावेत, शक्य असेल तर ओलावा मोजण्याचे छोटे मीटर वापरावे (सुतारकामाच्या हत्यारांच्या दुकानात ते मिळते) आणि जे नमुने पारखीला उतरतील त्यांच्यातच दराची तुलना करावी. आज ज्या दरात वीतभर बैल मागितला जातो, त्या दरात हाताने काम करणाऱ्याला बिगाऱ्याइतकीही दिवसाची मजुरी सुटत नाही. या स्थितीत कोणताही बाप आपल्या मुलाच्या हातात पटाशी देणार नाही आणि तसे होऊ लागल्याचे मी माझ्या आजूबाजूला पाहतो आहे.

लाकूड कोणते, याबद्दल संचालक मंडळांनी आग्रह धरावा, पण माहितीने धरावा. सरसकट ‘सागच हवा’ असे लिहिले जाते. सागाचा गाभा, म्हणजे आतले गडद लाकूड, उत्तम, त्यात मुळातच तेल असते, वाळवी सहसा लागत नाही. परंतु त्याच सागाच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला हे गुण नसतात आणि स्वस्त सागाच्या वस्तूत बहुधा तेच असते. शिवण हे हलके, कमी वाकणारे आणि बारीक कामाला फार गुणी लाकूड आहे, ते आपल्या भागात कोणी मागत नाही याचे मला वाईट वाटते. आंबा स्वस्त आणि मुबलक आहे, रेघही सुंदर असते, मात्र त्याला भुंगा लवकर लागतो. टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून मग वाळवलेला आंबा चालतो, तसाच घेतलेला आंबा दोन-तीन वर्षांत खालून पिठासारखी भुकटी सोडू लागतो. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी मऊ, हलका पांगारा वापरण्याची परंपरा आहे आणि कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेने रंगवलेली खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची असतात. म्हणजे प्रत्येक गावाने आपल्या जवळच्या झाडाचा गुण ओळखून काम उभे केले. आपल्यालाही तसे करता येईल आणि त्यासाठी जंगलाकडे पाहण्याची गरज नाही.

जवळचे लाकूड दोन ठिकाणी आहे. एक जुन्या वाड्यांत. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी कृष्णा-वारणाकाठच्या कितीतरी जुन्या घरांच्या भिंती खचवल्या, पुढे ती घरे उतरवली गेली आणि त्यांतील सागाच्या तुळया, खांब, चौकटी भंगाराच्या भावात किंवा सरपणासाठी गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या छपराखाली वाळलेले ते लाकूड कोरीव कामासाठी आजच्या कोणत्याही नव्या फळीपेक्षा सरस आहे. त्यातले खिळे काढण्याचा त्रास असतो आणि हत्यारांची धार जाते, एवढे सोसले की झाले. दुसरे ठिकाण म्हणजे आपल्याच संस्थांची आवारे. कारखान्याच्या वसाहती आणि महाविद्यालयांच्या मैदानांवर रेन ट्री, आंबा, कडुलिंब यांची मोठी झाडे आहेत. वादळात एखादे उन्मळून पडते, एखादे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली आवश्यक ती परवानगी घेऊन काढावे लागते. मग त्याचा लिलाव होतो आणि बुंधा वखारीत जाऊन फोडला जातो. रेन ट्रीचा गाभा चॉकलेटी, रेघ ठसठशीत, मोठ्या आकाराच्या शिल्पांना फार शोभणारा असतो. तो बुंधा आठवड्याच्या आत फळ्यांत कापून, दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावून, मधे पट्ट्या ठेवून गोदामाच्या सावलीत रचला, तर दोन-तीन वर्षांत संस्थेचा स्वतःचा साठा तयार होतो. ज्या वडीलधाऱ्या शिक्षकाने तेहतीस वर्षे त्या झाडाच्या सावलीत तास घेतले, त्यांना निरोप देताना त्याच झाडातून कोरलेले शेकरू दिले, तर त्या भेटीचे मोल मी वेगळे सांगायला नको.

शेकरूचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्या मागण्यांमध्ये हत्ती, उधळलेला घोडा आणि गरुड यांचाच भरणा असतो. ही शिल्पे देशभर सगळीकडे मिळतात आणि उत्तरेकडील मोठ्या केंद्रांतून ती घाऊक भावाने येतात. तिथल्या कारागिरांबद्दल मला आदरच आहे. परंतु सांगली जिल्ह्याने दिलेली भेट पाहताच सांगलीची वाटावी, असे प्राणी आपल्याकडे कमी आहेत काय? जत तालुक्यातील माडग्याळचा मेंढा घ्या. उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, आणि नाकाचा तो फुगीर बाक जो दुसऱ्या कोणत्या मेंढ्याला सहसा नसतो. तो बाक लाकडात उतरवणे ही कारागिराची परीक्षा आहे. चांदोली हे २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथला गवा शिसवाच्या गडद लाकडात कोरावा आणि त्याचे गुडघ्याखालचे फिकट पाय हेदूच्या पिवळसर लाकडातून जोडावेत, म्हणजे रंगाची गरजच उरत नाही. शेकरू तर आपल्या राज्याचा प्राणी, लांब शेपूट फांदीवरून सोडून बसलेला. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभ्या राहिलेल्या सागरेश्वर अभयारण्यातील सांबर आणि चितळ आहेत. एक सूचना इथेच करतो : सांबराला ‘खरी शिंगे’ लावून द्या, अशी मागणी अजूनही अधूनमधून होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिंगांचा व्यापार बंद आहे, हस्तिदंताचाही आहे, आणि गळून पडलेले शिंग चालते हा समज चुकीचा आहे. शिंगे लाकडाचीच असली पाहिजेत.

बैलाला आपल्या घरात मानाची जागा पूर्वीपासून आहे. बेंदराला मातीचे बैल घरोघर पूजले जातात, विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिल्यापासून आपल्याकडे मैदाने पुन्हा भरू लागली आहेत, २०२३ मध्ये न्यायालयाने ही मान्यता कायमही ठेवली आणि तिथेही विजेत्याला मोठमोठ्या चषकांबरोबर एक कोरलेला खिल्लार मिळाला तर तो गोठ्याच्या मालकाच्या ओटीवर कायमचा राहील. शर्यतींच्या आयोजकांपर्यंत हे पत्र पोहोचले तर त्यांनीही विचार करावा.

भेट दिल्यानंतरचा विचार कोणीच करत नाही, म्हणून थोडे त्याविषयी. शिल्पासोबत एक लहान चिठ्ठी असावी. तीत लाकडाची जात, कोरणाऱ्याचे नाव व गाव, आणि निगा राखण्याच्या चार ओळी : थेट उन्हात किंवा एसीच्या झोताखाली ठेवू नये, कोरड्या मऊ कापडाने पुसावे, पाणी लावू नये, वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात द्यावा, पावसाळ्यात बंद कपाटात ठेवल्यास बुरशी येते, म्हणून अधूनमधून बाहेर काढावे. खाली बारीक भुकटी दिसली तर ती भुंग्याची खूण आहे, तेव्हा वस्तू लगेच बाजूला काढून कारागिराकडे पाठवावी. कोरणाऱ्याचे नाव लिहिण्याचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सन्मानचिन्हाच्या पाट्यांवर संस्थेचे नाव, अध्यक्षांचे नाव, कार्यक्रमाची तारीख, सत्कारमूर्तींचे नाव असते आणि ज्याने ती वस्तू घडवली त्याचे नाव कुठेच नसते. बैलाच्या पोटाखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी, दोन शब्द कोरण्याची मुभा मागणीपत्रातच द्यावी. वस्तू तडकली तर ती कोणाकडे न्यायची हे त्यामुळे कळते आणि आपले नाव लागणार म्हटल्यावर कारागीरही ओले लाकूड वापरताना दहा वेळा विचार करतो.

हे स्वप्नरंजन नाही, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी वाद्ये दुरुस्त करता करता ती घडवायला सुरुवात केली आणि पुढे मिरजेतील एका गल्लीने देशभरच्या गवयांना तंबोरे पुरवले. तिथेही तुणीचे लाकूड वाळवण्यापासून भोपळा निवडण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो आणि मागणी नोंदवून महिनोन्‌महिने थांबणारे गवई होते, म्हणूनच ती कला राहिली. थांबणारा ग्राहक नसता तर मिरजेतही आज कोणी भोपळा वाळवत बसले नसते. प्राणिशिल्पांच्या बाबतीत तसा ग्राहक होण्याची ताकद जिल्ह्यात फक्त आपल्या संस्थांकडे आहे. घरासाठी एखादा हत्ती किंवा हरीण घेणारी कुटुंबे आमच्याकडे येतात, कौतुक करतात, घेतातही, पण त्यांच्यावर वर्षाचे काम उभे राहत नाही. आपल्या एका मागणीवर दोन-तीन घरांचे वर्ष निघते आणि शिकाऊ मुलाला हाताशी ठेवण्याची हिंमत होते.

बँका आणि पतसंस्थांना आणखी एक विनंती. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यांत सुतार आहेत, पारंपरिक बाहुल्या व खेळणी करणारे आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे सहाय्य आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज अशी तिची रचना आहे. लाकूड कोरणारा माणूस नेमका कोणत्या नावाखाली अर्ज करणार, या प्रश्नावरच अनेकांचे गाडे अडते. केंद्राच्या हस्तशिल्प विभागाचे ‘पहचान’ ओळखपत्र मिळवतानाही कागदपत्रांशी झगडावे लागते. आपल्या शाखांतील एखाद्या कर्मचाऱ्याने महिन्यातला एक दिवस अशा अर्जांसाठी राखून ठेवला आणि कारागिराला समोर बसवून अर्ज भरून घेतला, तर त्याचा उपयोग कोणत्याही सत्कारापेक्षा कमी होणार नाही.

येत्या मार्चमधील संचालक मंडळाच्या बैठकीत भेटवस्तूंच्या खरेदीचा विषय पत्रिकेवर घ्यावा, मागणी एप्रिलअखेर नोंदवावी, नमुना पाहून दर ठरवावा, निम्मी उचल द्यावी, आणि लाकडाची जात व कारागिराचे नाव वस्तूवर असावे असा ठराव करावा. पहिल्याच वर्षी सर्व नग असे घेणे जमणार नाही, याची मला जाणीव आहे. मुख्य सत्कारमूर्तींसाठीचे दहा-वीस नग तरी या पद्धतीने घ्यावेत आणि उरलेल्यांना खोट्या लाकडापेक्षा चांगले पुस्तक किंवा आंब्याचे रोप द्यावे. ज्या संस्थेला हवे असेल तिच्या बैठकीत शिवण, जुना साग आणि रेन ट्री या तीन लाकडांतले खिल्लार, आणि तुलनेसाठी एक रेझिनचा, असे चार नग मी स्वखर्चाने मांडून दाखवीन. संचालकांनी ते हातात घ्यावेत, उलटे करून पाहावेत, वजन करावे, आणि मगच निर्णय करावा.

कळावे, लोभ असावा.

आपला विनम्र,
लाकूडकाम करणारा एक कारागीर, सांगली